मधली वर्षं कुणाच्या खात्यात?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मी सिंधुदुर्गात फिजिओथेरपिस्ट आहे. माझं निम्मं काम दवाखान्यात चालतं आणि निम्मं लोकांच्या पडवीत, कारण ज्यांना माझी गरज सर्वांत जास्त असते त्यांना दवाखान्यापर्यंत येताच येत नाही. मणक्याला मार लागून ज्यांचे पाय, किंवा हातपाय दोन्ही, गेले आहेत अशा माणसांबद्दल तुम्हाला लिहायचं आहे. पत्र खुलं ठेवलंय, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या घरच्यांनीही वाचाव्यात असं वाटतं.

आमच्याकडे या माणसाचा प्रवास ठरलेला असतो. माडावरून, पोफळीवरून नाहीतर हापूसच्या कलमावरून तो पडतो. आसपासची माणसं त्याला हातापायांना धरून उचलतात आणि टेम्पोत घालतात; कधीकधी पडण्यापेक्षा हे उचलणंच जास्त नडतं. गाडी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा कोल्हापूरला जाते. ऑपरेशन होतं, मणक्यात स्क्रू आणि सळ्या बसतात, आणि काही आठवड्यांत माणूस लघवीच्या नळीसकट घरी येतो. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ असते, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. कुठं, कुणाकडे, किती महिने, कुणाच्या पैशानं, हे त्या ओळीत नसतं. कार्डावर नसलेलं आणखी एक वाक्य नातेवाइकांना तोंडी सांगितलं जातं: जे काय यायचं ते वर्षभरात येईल, पुढे काही नाही.

माझं भांडण या वाक्याशी आहे.

ते कुणी वाईट हेतूनं म्हणत नाही, आणि ते निखालस खोटंही नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो आणि वर्ष-दीड वर्षानंतर तो फार मंदावतो, हे जगभरच्या नोंदींतून दिसलेलं आहे. मार लागला की मज्जारज्जू आधी सुन्न पडतो. सूज असते, रक्तपुरवठा बिघडलेला असतो. सूज उतरली की जे तंतू तुटले नव्हते, नुसते गप्प झाले होते, ते पुन्हा काम करू लागतात. घरचे म्हणतात, पायात जीव येतोय. हा भाग आपोआप होतो आणि लवकर होतो. त्यापुढचं काम सावकाशीचं आहे. उरलेल्या तंतूंना नवे फाटे फुटतात, मेंदू बंद पडलेला रस्ता सोडून उरलेल्या वाटेनं निरोप धाडायला शिकतो, आणि हे सगळं वापरावर अवलंबून असतं. तेव्हा ‘वर्षानंतर काही होत नाही’ असं सांगून व्यायाम बंद केला, की वर्षानंतर खरंच काही होत नाही. सांगणारा बरोबर ठरतो आणि पुढच्या घरात तेच सांगतो.

झाडावरून पडणाऱ्यांच्या बाबतीत तर हे वर्षाचं गणित शरीररचनेशीच जुळत नाही. उंचावरून पडलेल्या माणसाचा मणका बऱ्याचदा पाठ संपून कंबर सुरू होते तिथं मोडतो: पाठीचा बारावा किंवा कमरेचा पहिला. मज्जारज्जूही त्याच सुमारास, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी, संपतो. त्याखाली असतो तो नसांच्या मुळांचा झुपका. ही मुळं मज्जारज्जूइतकी हट्टी नसतात; हातापायांतल्या नसांप्रमाणे ती पुन्हा वाढू शकतात. वेग मात्र दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून मांडीच्या स्नायूपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि भागाकार करा, वर्ष तिथंच उलटून जातं. पोटरीपर्यंत दोन वर्षांहून जास्त. यात एक कटू भागही आहे. नस पोचेपर्यंत स्नायू थांबत नाही. दीड-दोन वर्षं निरोप आला नाही तर तो आकसतो, आणि मग नस पोचून फारसा उपयोग नसतो. म्हणून मांडीबद्दल आशा जास्त आणि पावलाबद्दल कमी.

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत असाच एक जण आहे. आंबे काढताना झेल्यासकट खाली आला होता. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अपघाताला तीन वर्षं होत आली होती आणि व्यायाम केव्हाच बंद झाला होता. खाटेवर पाय सरळ ठेवून मी त्याला गुडघा खाली दाबायला सांगितलं. काही नाही. मांडीवर बोटं ठेवून पुन्हा सांगितलं. गुडघ्याची वाटी केसभर वर सरकली आणि परत खाली आली. पाय हललाच नाही, हलली ती फक्त वाटी. आमच्या मोजणीत ही ताकद पाचपैकी एक. आई दारातून बघत होती, ती म्हणाली, “देव पावलो!” तो मात्र माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होता. “मॅडम, ह्यां लिवू नकात. टक्के कमी होतले.”

टक्के म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रावरचे. अनुदान त्या टक्क्यांवर होतं. केसभर हललेल्या वाटीनं प्रमाणपत्र बदलत नाही हे मी त्याला समजावलं, पण त्याचं तरी काय चुकलं? बरं होणं ही लपवायची गोष्ट आहे असं त्याला वाटलं, कारण आजारी म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं; विचारत होते ते फक्त त्या कागदामुळे.

पुढे त्या मांडीत पाचपैकी तीन ताकद आली. ऐकायला किरकोळ वाटेल. पण मांडीत तीन असली की गुडघा स्वतःच्या जोरावर सरळ राहतो, आणि मांडीपर्यंतच्या जड कॅलिपरऐवजी पावलापुरता हलका स्प्लिंट पुरतो. तो आता वॉकर धरून खाटेपासून न्हाणीपर्यंत जातो. त्याला उचलायला दोन माणसं लागायची, हल्ली एकही लागत नाही. त्याचा भाऊ गोव्यातल्या कामावर परत गेला. सरकारी तक्त्यात ही सुधारणा भरायची म्हटली तर तिला रकानाच नाही.

मी आशा विकतेय असं कुणी म्हणण्याआधी दुसरी बाजूही सांगते, कारण ती मी प्रत्येक घरात सांगत असते. अमेरिकेतल्या मणका-इजा केंद्रांतल्या ९८७ जणांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अपघाताला वर्ष झालं तेव्हा ज्यांची इजा ‘पूर्ण’ होती, म्हणजे खाली ना संवेदना ना हालचाल, त्यांतले ९४.४ टक्के लोक पाचव्या वर्षीही तिथंच होते. उरलेल्यांतल्या बहुतेकांना थोडी संवेदना परत आली; हालचाल परत आलेले शंभरात दोनच्या आसपास. इजा अर्धवट असेल तर चित्र बरंच बरं असतं. तेव्हा सगळे चालतील असं मी म्हणत नाही. बहुतेक जण चालणार नाहीत. पण ते शंभरातले सहा कोण, हे आज आपल्याला ओळखताच येत नाही, कारण वर्षानंतर आपण कुणाला तपासतच नाही.

तपासणीला काही महागडं लागत नाही. जगभर वापरतात त्या ‘एशिया’ मोजपट्टीसाठी टाचणी, कापूस, हातमोजा आणि थोडा वेळ पुरतो. अंगाच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी स्पर्श आणि टोचणी कळते का ते पाहायचं, हातापायांचे ठरलेले दहा स्नायू दोन्ही बाजूंना जोखायचे, १०० पैकी गुण द्यायचे. शेवटी गुदद्वाराची तपासणी: तिथं स्पर्श कळतो का, बोटाभोवती स्नायू आवळता येतो का. रुग्णाला सर्वांत लाजिरवाणी वाटणारी ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण इजा पूर्ण की अर्धवट हे तिथं ठरतं. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक कार्डांवर ती नोंद नसते. ‘पॅराप्लेजिया’ एवढा एकच शब्द असतो, आणि त्यावर माणसाचं पुढचं आयुष्य बेतलं जातं.

उशिरा येणाऱ्या सुधारणेचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण ख्रिस्तोफर रीव्हचं, ‘सुपरमॅन’ झालेल्या नटाचं. मे १९९५ मध्ये तो घोड्यावरून पडला आणि मानेखालचं सगळं गेलं. पाच वर्षं तो त्याच मोजपट्टीच्या ‘ए’ श्रेणीत, म्हणजे पूर्ण इजेत होता. २००० साली त्याच्या डाव्या हाताची तर्जनी त्याच्या इच्छेनं हलली. २००२ मध्ये त्याच्या डॉक्टरांनी रीतसर नोंद प्रसिद्ध केली: श्रेणी ‘ए’वरून ‘सी’, म्हणजे अर्धवट इजा, आणि स्नायूंचे १०० पैकी २० गुण. यामागे वर्षानुवर्षांचा व्यायाम होता; स्नायूंना विजेची चेतना देऊन चालणारी सायकल होती, पाण्यातला व्यायाम होता, दिमतीला माणसं होती. तो चालला नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्यावर चिघळलेल्या बेडसोरचे उपचार चालू होते. एवढी शुश्रूषा मिळणाऱ्या माणसाची ही कथा, तर आमच्या वाडीत मेणकापडावर एका कुशीवर पडून असलेल्याचं काय होत असेल, ते सांगायला नको.

अलीकडे मोबाइलवर यंत्रांचे व्हिडिओ फिरतात आणि लोक मला दाखवायला आणतात. त्यांतले काही खरे आहेत. २०११ मध्ये सायकल अपघातात जायबंदी झालेला गर्ट-यान ओस्काम हा डच गृहस्थ मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या यंत्रावर चालला. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याची हकिगत आली, आणि यंत्र बंद असतानाही तो कुबड्यांवर पावलं टाकू शकत होता हा त्यातला माझ्या दृष्टीनं खरा मुद्दा. २०२४ मध्ये ६० जणांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन न करता मानेवर कातडीवरून सौम्य वीज द्यायची आणि सोबत हातांचा व्यायाम. ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं, आणि फायदा झालेल्यांत अपघाताला ३४ वर्षं होऊन गेलेली व्यक्तीसुद्धा होती. चौतीस! आणि आपण बाराव्या महिन्यात फाइल बंद करतो.

ही यंत्रं आपल्याकडे कधी येतील ते येवोत. पण ती आली तरी उपयोग कुणाला? ज्याचे सांधे मोकळे आहेत, कातडी शाबूत आहे, मूत्रपिंडं चालू आहेत त्याला. आखडलेला गुडघा कुठलंच यंत्र चालवू शकत नाही. म्हणून मधली वर्षं सांभाळायची असतात. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला मणका-इजा केंद्र सुरू केलं, तेव्हा असे रुग्ण बहुतेक करून बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानं काही महिन्यांत मरत. त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, मूत्राशयाची शिस्त बसवली, रुग्णांना खेळायला लावलं, आणि माणसं जगायला लागली. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस या अमेरिकी युरॉलॉजिस्टनं दाखवलं, की दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी आपली आपण नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तरी भागतं, निर्जंतुक खोली लागत नाही. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटली. माझ्या भागात अजून ऑपरेशनच्या वेळी बसवलेली नळी वर्षानुवर्षं तशीच लोंबत असते, आणि ती बदलायला रिक्षा करून तालुक्याला जायचं असतं.

ज्ञान आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. मुंबईत हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात खडकीला जायबंदी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी बसलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. फरक एवढाच की लष्करानं आपल्या माणसांची जबाबदारी घेतली. माडावरून पडणाऱ्याच्या मागे असं कुणी नाही, आणि हंगामाला नेपाळहून बागेत आलेला गुरखा पडला तर त्याच्या मागे तर भाषासुद्धा नाही.

आणखी एक. ‘बरं होणं’ म्हणजे चालणं, असं आपण धडधाकट लोक धरून चालतो. २००४ मध्ये एका अभ्यासात मणका-इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं, की काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? हातपाय चारही गेलेल्यांनी सर्वाधिक मतं हातांना दिली. फक्त पाय गेलेल्यांनी सर्वाधिक मतं दिली ती लैंगिक क्षमतेला. चालण्याला पहिला क्रमांक दोन्ही गटांत नव्हता. आपल्याकडे पंचविशीतल्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं, तो पडतो, आणि हा विषय ना डॉक्टर काढतात ना घरचे. तो मला विचारतो, तेही आई पाणी आणायला आत गेली की.

या गप्प बसण्याचा फायदा घ्यायला माणसं टपलेली आहेत. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेलचं इंजेक्शन, खात्रीशीर सुधारणा, अशा जाहिराती रोज दिसतात. लोक कलमं गहाण टाकतात, बायकोचे दागिने मोडतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मान्य चाचणीबाहेर करायचा नाही, आणि मान्य चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात, ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करता येत नाही त्यांच्या यादीत पक्षाघाताचं नाव आहे. म्हणजे नवा कायदाही करायला नको. आहे तो वापरा.

आता मूळ दुखणं. ऑपरेशन तुमच्या खात्यात येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि त्या योजनेनं गोरगरिबांचे मणके उभे केले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाकाची खुर्ची, प्रमाणपत्र, अनुदान हे दिव्यांग कल्याण विभागाचं काम. डिसेंबर २०२२ पासून आपल्या राज्यात तो स्वतंत्र आहे, आणि ते चांगलंच झालं. पण माणूस डिस्चार्ज घेतो त्या दिवशी रुग्ण म्हणून तुमच्या वहीतून जातो आणि दिव्यांग म्हणून दुसऱ्या वहीत चढतो. ज्या वर्षांत मांडीत ताकद येऊ शकते, कातडी फाटू शकते, मूत्रपिंड बिघडू शकतं, ती वर्षं दोन्ही वह्यांत नाहीत.

मागणं मोठं नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मणका-इजेच्या रुग्णांसाठी ठेवा. त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि बेडसोर बघणारी परिचारिका एकाच मजल्यावर असू द्या. वर्षातून एकदा टाचणी-कापसाची ती पूर्ण तपासणी करा आणि गुण कार्डावर लिहा, दहाव्या वर्षीही. ज्याचे गुण वाढलेले दिसतील त्याला दोन-तीन आठवडे दाखल करून सराव करून घ्यायची तरतूद फुले योजनेत करा. दुसरं वर्ष असो की सातवं. लघवीच्या नळ्या आणि बसायची गादी मोफत औषधांच्या यादीत घाला. १०८ वर फोन केला तर निदान फळीवरून तरी नेतात. पडलेल्याला फळीशिवाय उचलू नका, हे आंबा बागायतदारांना आणि पाडेल्यांना हंगामाआधी गावागावांत शिकवा. आणि दिव्यांग विभागाशी बसून एवढं ठरवा, की तपासणीला येऊन सुधारणा दिसली म्हणून कुणाचं अनुदान त्याच महिन्यात तुटणार नाही. नाहीतर लोक सुधारणा लपवत राहतील आणि आपण त्यालाच सुधारणा होत नाही म्हणून मोजत राहू.

या विषयावर बैठक लावाल तर आम्हा फिजिओ आणि सर्जन मंडळींना बोलवाच, पण निदान दोघा-तिघा रुग्णांनाही बोलवा. त्यांना नळीसाठी दर चार तासांनी उठावं लागतं, तेव्हा खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह जिथं असेल तिथंच ती बैठक ठेवा.

आपली नम्र,
सिंधुदुर्गातील एक फिजिओथेरपिस्ट